ताण देणाऱ्याचा हिशेब

आटपाडीकडच्या माणसाला ‘ताण’ हा शब्द नोकरी लागायच्या कितीतरी आधी भेटतो. आमच्याकडे डाळिंबाच्या बागेला ताण देतात. बहार धरायचा ठरला की पाणी तोडायचं, ठिबकचा कॉक बंद करायचा आणि दिवस मोजायला लागायचं. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, गळायला लागतात. मग छाटणी, शेणखत आणि पहिलं पाणी. त्या पाण्यावर झाड नव्या पालवीनं भरतं आणि मागोमाग लालभडक कळी निघते. सगळं गणित त्या मधल्या दिवसांचं. ते कमी पडले तर कळी धरत नाही आणि जास्त झाले तर फांदी शेंड्याकडून वाळत येते.

आमचं रान मुरमाड. अण्णा, म्हणजे माझे वडील, शेडमधल्या कॅलेंडरवर पाणी तोडल्याच्या तारखेला फुली मारायचे आणि रोज संध्याकाळी बागेत फेरी मारून एकेक पान बोटांत धरून बघायचे. शेजारच्या एकानं एके वर्षी जास्त कळीच्या आशेनं ताण लांबवला, तेव्हा अण्णा मला म्हणाले होते, “अगं, ताण द्यायचा म्हंजी झाड मारायचं न्हवं. काळ्या रानाला धा दिस जास्ती चालत्यात, आपल्या मुरमाला न्हाई चालत. झाड काय बोलत न्हाई, म्हणून आपुन रोज बघाय पायजे.”

ही गोष्ट मी इतक्या तपशिलानं सांगते आहे, कारण नोकरीतल्या ताणाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते सगळं त्यात आहे. ताण किती द्यायचा, किती दिवस द्यायचा, कुठल्या रानाला किती सोसतो हे ओळखायचं आणि नंतर पाणी कधी सोडायचं, ही जबाबदारी ताण देणाऱ्याची असते. आमच्याकडे कुणीही बागायतदार आजवर असं म्हणालेला नाही की झाडानंच ताण सोसायला शिकलं पाहिजे. नोकरीच्या जगात मात्र आपण नेमकं हेच म्हणतो, आणि वरून त्याला ‘ताणतणाव व्यवस्थापन’ असं नाव देतो.

मी गेली बावीस वर्षं बँकेत आहे, आता शाखाधिकारी. सांगली जिल्ह्यातल्या सहा शाखांत काम केलं. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका शाखाधिकाऱ्यांना केबिनमध्ये बसल्या जागी हृदयविकाराचा झटका आला. वय शेहेचाळीस. मिरजेच्या दवाखान्यात वेळेवर पोहोचले म्हणून वाचले. त्यानंतर दीड महिन्यानं वरून पत्र आलं, सर्वांसाठी ताणतणाव व्यवस्थापनाची एक दिवसाची कार्यशाळा. वार रविवार, सकाळी नऊ वाजता सांगलीत. हजेरी सक्तीची. जतकडून येणाऱ्यांना त्यासाठी पहाटे घर सोडावं लागलं. बोलावलेले गुरुजी चांगले होते. त्यांनी प्राणायाम शिकवला, सूर्यनमस्कार घालून घेतले, राग आला की दहा आकडे मोजा असं सांगितलं. साडेअकराच्या सुमारास सगळ्यांचे फोन एकदम थरथरले. शनिवारपर्यंतच्या विमा पॉलिसींचे शाखावार आकडे ग्रुपवर आले होते, आणि ज्यांचे आकडे तळाला होते त्यांची नावं लाल रंगात होती. त्यातला एक माणूस माझ्या शेजारच्या चटईवर पाठ टेकून शवासनात होता. त्याने फोन बघितला, उठून बसला आणि पुन्हा काही आडवा झाला नाही.

माझा सूर्यनमस्कारांवर काडीचाही राग नाही. मी रोज बारा घालते. गुडघे धरलेले होते ते त्यानेच सुटले. झोप, चालणं, श्वासाचा व्यायाम, मैत्रिणीशी मोकळं बोलणं, या सगळ्याचा उपयोग होतो हे मी अनुभवानं सांगते. पण त्या रविवारी मला जे लख्ख दिसलं ते असं, की शेहेचाळीस वर्षांचा माणूस खुर्चीत कोसळला आणि त्यावर संस्थेनं त्याच्या श्वासाचा विचार केला, त्याच्या कामाचा केला नाही. त्या शाखेत मंजूर जागा किती, भरलेल्या किती, ते गृहस्थ रात्री किती वाजता घरी जात होते, त्यांना शेवटची सलग रजा कधी मिळाली होती, यातला एकही प्रश्न कुठल्या कागदावर आला नाही.

ताण कसा तयार होतो हे जवळून बघायचं असेल तर संध्याकाळी बँकेत कॅश टॅली होताना, म्हणजे दिवसभराची रोकड हिशेबाशी जुळवताना बघावं.

कवठेमहांकाळच्या पलीकडची एक शाखा. पाच माणसांची मंजुरी, हजर तिघं. कॅशियर विदर्भातला सत्तावीस वर्षांचा मुलगा, घरापासून सहाशे किलोमीटरवर. मार्च महिना. त्या दिवशी तो रोख काउंटर सांभाळत होता, पासबुकं छापून देत होता आणि मधूनच उठून एटीएमचंही बघत होता, कारण ते बघणाऱ्याची बदली होऊन चार महिने झाले होते आणि जागा रिकामी होती. दुपारी तासभर लिंक गेली. लिंक आल्यावर रांग दारापर्यंत. संध्याकाळी साडेसहाला मोजलं तर पाच हजार कमी. बंडलं फोडून पुन्हा मोजली. पाच हजारच कमी. व्हाउचर एकेक करून लावली. सात वाजता वरच्या ऑफिसची व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची बैठक सुरू झाली, शाखाधिकारी त्यात अडकले. भिंतीपलीकडून आवाज येत होता, “आज किती झाल्या? उद्या किती करणार? आकडा सांगा, कारण सांगू नका.” हा मुलगा तिसऱ्यांदा मोजत होता. नोटा मोजणाऱ्या माणसाच्या बोटांना एक लय असते, ती तुटली की ऐकणाऱ्यालाही कळतं. त्याची लय तुटली होती. पन्नासच्या पुढे गेला की तो थांबायचा आणि पुन्हा पहिल्यापासून धरायचा. सव्वाआठला त्याने स्वतःच्या खात्यातून पाच हजार काढून भरले, कारण कमी पडलेली रक्कम कॅशियरनेच भरायची असते. डे एंड झाला, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद झाला. मिरजेला जाणारी शेवटची एसटी निघून गेली होती. त्या रात्री तो शाखेच्या शिपाईमामांकडे झोपला.

दुसऱ्या दिवशी शाखा उघडायच्या आधी एक म्हातारे शेतकरी पायरीवर बसून होते. धोतराच्या सोग्यातून पाचशेच्या दहा नोटा काढून त्यांनी त्या मुलाच्या हातात ठेवल्या. “पोरा, रातच्याला मोजल्या तवा जास्ती निघाल्या. तुझा पगार कापत्याल म्हणून लवकर आलू.” पैसे मिळाले. पण तो मुलगा त्यानंतर प्रत्येक बंडल चार-चारदा मोजायला लागला, त्यामुळे रांग वाढली, रांग वाढल्यावर लोक ओरडायला लागले आणि तक्रार आली म्हणून त्याला कारणे दाखवा नोटीस मिळाली. वर्षभरात त्याने राजीनामा दिला. त्याच्या राजीनाम्यावर ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं लिहिलेलं आहे. माझ्या दृष्टीनं या सगळ्या प्रकरणातले सगळ्यांत खोटे शब्द तेच दोन. रिकामी ठेवलेली जागा वैयक्तिक नव्हती. सात वाजताची व्हीसी वैयक्तिक नव्हती.

हे फक्त माझं भावनिक म्हणणं आहे असं कुणाला वाटत असेल तर जगात यावर पन्नास-साठ वर्षं काम झालेलं आहे. लंडनमधल्या सरकारी कचेऱ्यांतल्या हजारो नोकरदारांच्या तब्येतीचा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. मायकेल मार्मट हे त्यातलं मोठं नाव. आपल्याला सर्वसाधारणपणे वाटतं की मोठ्या साहेबाला डोक्याला ताप जास्त, म्हणून हृदयविकारही त्यालाच जास्त. आकडे नेमके उलटे निघाले. सगळ्यांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांमधलं मृत्यूचं प्रमाण सगळ्यांत वरच्या श्रेणीपेक्षा जवळपास तिप्पट होतं. ही सगळी माणसं टेबलावर बसून काम करणारी, पगारदार. धूम्रपान, रक्तदाब वगैरेंचा हिशेब लावूनही फरक पूर्ण मिटला नाही. १९८५ पासून दुसरा अभ्यास सुरू झाला, त्यात स्त्रियाही होत्या, आणि त्यातून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. आपल्या कामावर ज्याचा ताबा कमी, त्याला हृदयविकाराचा धोका जास्त. रॉबर्ट कॅरासेक या अभ्यासकाने १९७९ मध्येच हे सूत्र मांडलं होतं. नुसत्या कामाच्या बोज्यानं माणूस तितका मोडत नाही, जितका बोजा भरपूर आणि ठरवण्याचा अधिकार शून्य अशा जोडीनं मोडतो.

आमच्या शाखेतल्या कुणालाही हे सूत्र परदेशातून शिकायची गरज नाही. पीककर्जाच्या हंगामात, जून-जुलैला, आम्ही रात्री आठ-आठ वाजेपर्यंत बसलो आहोत आणि हसत घरी गेलो आहोत. त्या कामाला अर्थ असतो, समोर माणूस असतो, कुठला अर्ज आधी घ्यायचा हे आपण ठरवतो आणि ऑगस्ट आला की ते संपतं. त्याच शाखेत जानेवारी ते मार्च विम्याचं टार्गेट सुरू झालं की साडेपाचला निघणारा माणूसही आजारी पडतो. ज्याला द्राक्षाच्या औषधासाठी पैसे हवे आहेत त्याच्या गळ्यात पॉलिसी मारायची, आणि ती किती मारायची हे कुणी ठरवलं, कशावरून ठरवलं, हे विचारायची सोय नाही. ज्या गोष्टीची मनाला लाज वाटते ती रोज करायला लागणं, हा ताण कुठल्याही प्राणायामानं उतरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये कामानं पार पिळवटून जाण्याची, ज्याला आता शहरात सगळे ‘बर्नआउट’ म्हणतात, तिची नोंद आपल्या वर्गीकरणात केली, तेव्हा तिला आजार म्हटलं नाही. नोकरीशी निगडित अवस्था म्हटलं. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ चाललेल्या आणि आवरला न गेलेल्या ताणातून ती येते, असं तिथे लिहिलं आहे. शब्द नीट वाचले तर पत्ता माणसाच्या डोक्याचा दिलेला नाही, कामाच्या ठिकाणाचा दिला आहे. २०२१ मध्ये याच संघटनेनं आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं मिळून आणखी एक हिशेब मांडला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक. आणि आपल्याकडे आठवड्याला सत्तर तास काम केलं पाहिजे असे सल्ले मोठमोठी माणसं जाहीरपणे देतात.

इथे मला औंध आठवतं, आणि ते उगीच आठवत नाही. आमचं आटपाडी औंध संस्थानात होतं. सूर्यनमस्कार महाराष्ट्राच्या शाळाशाळांत नेणारा माणूस म्हणजे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. स्वतः रोज घालायचे, संस्थानातल्या शाळांत मुलामुलींना घालायला लावायचे, त्यावर लिहायचे, व्याख्यानं द्यायचे. आज कार्यशाळेत जे बारा नमस्कार घालून घेतले जातात त्यांची वाट या माणसानं रुंद केली. पण याच राजानं जानेवारी १९३९ मध्ये आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवणारी राज्यघटना लागू केली. गांधीजींचा त्यात सल्ला होता. गावाचा कारभार गावच्या पंचायतीकडे गेला. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत सुरू झाली. खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणारी माणसं तिथे भिंतीशिवाय, बायकामुलांसह राहून शेती करू लागली. मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या गांधीवादी माणसाची ती कल्पना होती आणि राजानं तिला जमीन आणि विश्वास दोन्ही दिलं.

मी लहानपणी त्या रस्त्यानं कितीदा गेले आहे. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. आता वाटतं. आपल्या संस्थांनी बाळासाहेबांचे सूर्यनमस्कार घेतले आणि अधिकार सोडण्याची त्यांची गोष्ट मागे ठेवली. त्या राजानं प्रजेला व्यायाम सांगितला आणि कारभारही दिला. आमच्याकडे वीस वर्षं नोकरी झालेल्या शाखाधिकाऱ्याला एका शनिवारी माणूस कमी आहे म्हणून एक काउंटर बंद ठेवायचा अधिकार नाही. तेवढ्यासाठी फोन करावा लागतो, आणि फोन केला की तो दुबळा ठरतो.

आता आक्षेपांकडे येते. पहिला आक्षेप माझ्या घरातूनच येतो. अण्णा म्हणतात, “पंख्याखाली बसून कसला ताण? गारपीट बघितलीस का?” बघितली आहे. तेल्या रोग पडून उभी बाग उपटून टाकावी लागली तेही बघितलं आहे. शेतकऱ्याचा ताण, कोयता घेऊन थंडीत पहाटे फडात उतरणाऱ्या ऊसतोड जोडप्याचा ताण, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत मान वर न करता येणं, यापुढे माझ्या शाखेतला ताण लहान आहे हे मी मान्य करते. पण मोठं दुःख आहे म्हणून लहान दुःखाचं कारण शोधायचं नाही, असं आपण दुसऱ्या कशात म्हणत नाही. आणि ऊसतोड कामगाराचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. त्याचा ताण कशातून येतो? त्याच्या कामाचे तास, दर आणि सुट्टी यातलं काहीही तो ठरवत नाही. त्याला कुणी ध्यानधारणा शिकवायला जात नाही, कारण त्याचा प्रश्न मजुरीचा आणि करारमदाराचा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पांढरपेशा नोकरदाराचा प्रश्नही त्याच जातीचा आहे, फक्त आपल्याला तो तसा म्हणायची लाज वाटते.

दुसरा आक्षेप, ‘नको असेल तर सोड, बाहेर शंभर जण उभे आहेत.’ हे खरं आहे, आणि म्हणूनच ताण या थराला गेला आहे. सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला अभ्यासिकांतून सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत बसलेली पोरं मी रोज बघते. पंचविशी-तिशी उलटलेली. दाराबाहेर ही रांग असली की दाराआतला माणूस कशालाही हो म्हणतो. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यांतली कामाची दैनंदिन मर्यादा ९ तासांवरून १२ करायला आणि मोठ्या दुकानांत, आस्थापनांत ९ वरून १० करायला मंजुरी दिली. त्यात कामगाराची लेखी संमती लागेल असं सांगितलं गेलं. कुपवाडच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडून लागलेला मुलगा, ज्याचं कार्ड कधीही बंद होऊ शकतं, तो संमतीचा कागद समोर आल्यावर काय करेल? तो सही करेल. त्या सहीला संमती म्हणणं मला पटत नाही.

आजच्या रविवारच्या सुट्टीमागे कोण आहे हे आपण विसरलो आहोत. सातारा जिल्ह्यातल्या कटगुणशी मूळ नातं असलेल्या जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, अशा साध्या मागण्या. १० जून १८९० पासून गिरणीत रविवारची सुट्टी मिळाली. त्या गिरण्यांत आमच्याकडची, साताऱ्याकडची माणसं खच्चून भरलेली होती. तेव्हाही मालकांना कामगारांची दमणूक दिसत नव्हती असं नाही. ती कामगाराची खाजगी बाब आहे असं त्यांना वाटत होतं. लोखंड्यांनी ती सार्वजनिक केली. म्हणून मला रविवारी भरलेल्या त्या कार्यशाळेचं इतकं लागलं. एकशेतीस वर्षांपूर्वी भांडून मिळवलेला दिवस आम्ही चटईवर परत केला.

खाजगी म्हणून दाबलेली गोष्ट मालकाची जबाबदारी होऊ शकते याचं अगदी जवळचं उदाहरण बायकांना चांगलं माहीत आहे. मी नोकरीला लागले तेव्हा एखादा साहेब विचित्र वागला तर मोठ्या बहिणी सांगायच्या, “तू त्याच्या केबिनमध्ये एकटी जाऊ नकोस.” म्हणजे सांभाळायचं तिनंच. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल १९९७ चा, कायदा २०१३ चा. आज दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्रास सगळा थांबला असं नाही, पण ‘तुझं तू बघ’ हे उत्तर आता कायद्यात बसत नाही. ताणाच्या बाबतीत आपण अजून १९९७ च्या अलीकडे आलेलो नाही. यंत्राला जाळी नसेल आणि बोट तुटलं तर कारखान्याला जाब विचारला जातो. तीन माणसांत पाच माणसांचं काम करून मन तुटलं तर विचारायला कुणी नाही.

आणि बायकांचं निघालं आहे तर सांगते. ताणावरची सगळी व्याख्यानं गृहीत धरतात की ऑफिस सुटलं की माणूस मोकळा झाला. आमच्या बँकेतली एक जण सातला घरी पोहोचते, सासूबाईंची औषधं, मुलांचा अभ्यास, स्वयंपाक, आणि साडेनऊला ग्रुपवर ‘उद्याचं प्लॅनिंग पाठवा’. गावोगावच्या आशाताईंचं याहून वाईट. त्यांना पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला, आणि रात्री बाळंतपणाचा फोन आला तर जायचं असतं. त्या जातात. आपण त्यांना सेवाभावी म्हणतो आणि त्यांची माहिती भरायची ॲप वाढवत जातो.

मग काय करायचं? सांगलीकरांना एक गोष्ट सांगायची गरज नाही. आयर्विन पुलाच्या खांबावर आकडे लिहिलेले आहेत. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. पण तो आकडा लिहिलेला असतो म्हणून निदान सगळ्या गावाला दिसतो, आणि दिसला की पहिला प्रश्न पाणी सोडणाऱ्यांकडे जातो, कोयनेतून किती सोडलंय? अलमट्टीतून किती सोडतायत? खालच्या माणसाला कुणी तू का बुडतोयस म्हणून विचारत नाही. तशी पातळी प्रत्येक कामाच्या ठिकाणी लिहिलेली असली पाहिजे. मंजूर जागा आणि भरलेल्या जागा दर्शनी भागात. महिन्यात किती दिवस किती माणसं वेळेनंतर थांबली. नाकारलेल्या रजा किती. हे आकडे वरिष्ठांच्या कामगिरीत मोजले गेले पाहिजेत, जसे आज फक्त धंद्याचे मोजले जातात. ज्या अधिकाऱ्याच्या हाताखालची माणसं सारखी आजारी पडतात किंवा नोकरी सोडतात, त्याची पदोन्नती त्या आकड्यासमोर बसून ठरली पाहिजे.

वेळेनंतरच्या फोनचंही तसंच. फ्रान्समध्ये जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर फोन-मेलपासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात आला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत अशाच हक्काचं खासगी विधेयक मांडलं. खासगी विधेयकांचं जे होतं तेच त्याचंही झालं, ते मंजूर झालं नाही. तोवर आपल्या पातळीवर करता येण्यासारखं बरंच आहे. माझ्या शाखेत मी साडेसहानंतर ग्रुपवर काहीही टाकत नाही. आग लागली तर फोन करीन असं सांगितलं आहे. दोन वर्षांत एकदाच केला. धंदा काही बुडाला नाही. मात्र वरून आलेला संदेश मी खाली न पाठवता स्वतःजवळ ठेवते, त्यामुळे त्यांच्या वाट्याचा काही ताण माझ्याकडे जमा होतो, हेही खरं आहे. एकट्या शाखाधिकारी बाईनं धरण अडवता येत नाही.

आणि ज्याला आत्ता, आजच जड जातं आहे, त्यानं व्यवस्था सुधारायची वाट बघू नये. १४४१६ हा ‘टेली-मानस’चा क्रमांक केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केला आहे. दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलता येतं. मी एका सहकाऱ्याला माझ्यासमोर तो लावून दिला आहे. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगण्याचाच कंटाळा आला असेल तर तो दुबळेपणा नाही. पाय मोडला की आपण दवाखान्यात जातो, तसंच हे. फक्त पाय बरा झाल्यावर त्याच मोडक्या जिन्यावर माणसाला परत चढवायचं का, हा प्रश्न जिना बांधणाऱ्याला विचारायचा राहू नये.

डाळिंबाबद्दल एक सांगायचं राहिलं. फळ काढून झालं की बागेला विसावा द्यावा लागतो, तीन-चार महिने. त्या काळात फळ धरायचं नाही, फक्त खत-पाणी द्यायचं. ज्यांनी भाव बघून बहारामागून बहार धरले त्यांच्या बागा तेल्याला आधी बळी पडल्या. अण्णा यंदा विसाव्यावर आहेत, म्हणजे बाग आहे. गेल्या रविवारी मी आटपाडीला गेले तेव्हा ते झाडांच्या बुंध्याला बोर्डो पेस्ट लावत होते. मी सांगलीला परत येऊन रात्री एक पत्र लिहिलं. मंजूर पाच, हजर तीन, किती महिने. जानेवारीत संध्याकाळी आठनंतर आलेले संदेश एकसष्ट. नामंजूर रजा सात, त्यातली एक सहकाऱ्याच्या आईच्या ऑपरेशनची. आमच्या शाखेला विम्याचं जे टार्गेट आहे ते कुठल्या हिशेबानं ठरलं, ते कळवावं. खाली सही, शिक्का आणि तारीख. सोमवारी ते टपालानं पाठवलं, पोच आली आहे, आणि त्याची प्रत शाखेतल्या फाइलला लावून ठेवली आहे, माझ्यानंतर त्या खुर्चीवर जे येतील त्यांच्यासाठी.